जुन्या संगणकाची घरघर

फार वर्षांपूर्वी एका फोटो स्टुडिओत जुना संगणक काढून कोपऱ्यात ठेवला आणि नवा आणला.

"आजोबा, एक फोटो उघडायला किती घरघरता!" नवा हसला.

"तेवढ्यात गिऱ्हाईक दोन शब्द बोलतं, बाळा," म्हातारा म्हणाला. "ते ऐकूनच मी फोटोतल्या चेहऱ्याला हात लावतो."

संध्याकाळी भंगारवाला म्हाताऱ्याला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी भागीरथीबाई गेलेल्या नवऱ्याचा फोटो हार घालण्यासाठी मोठा करून घ्यायला आल्या. नव्याने क्षणात चेहरा गुळगुळीत केला, भुवईवरचा व्रणही पुसला.

"हे आमचे नव्हेत हो," बाई कळवळल्या. "मला विहिरीतून काढताना लागलं होतं त्यांना तिथं."

नव्याने व्रण परत आणला, मुद्दाम रेंगाळत. बाई बोलत राहिल्या. म्हाताऱ्याला हे सांगावंसं त्याला फार वाटलं. पण कोपरा रिकामा होता.