पायरीतल्या विटा

फार फार वर्षांपूर्वी, नदीला पूल ठाऊक नव्हता आणि लेकी नावेत बसूनच माहेरी येत, तेव्हाची ही गोष्ट.

नदीकाठच्या एका गावात एक बाई अकीक कापायचे काम करी. अकीक म्हणजे मधाच्या रंगाचा, गारगोटीसारखा कठीण दगड. पायाने चाक फिरवायचे, चाकावर पातळ गोल चकती बसवायची, आणि वरून पाण्याची धार सोडत दगड हलक्या हाताने चकतीला लावायचा. सासऱ्यांचे हे काम नवऱ्याकडे आले होते आणि नवऱ्यामागे तिच्याकडे. गाव तिला अकीकवाली म्हणे. तिचा हात कसबी होता आणि जीभ त्याहून तिखट. कुणाची लबाडी दिसली की ती गप्प बसत नसे. कधी कधी लबाडी नसतानाही तिला दिसे.

चकत्या बनवी गावातलाच म्हातारा तांबट. चकती तांब्याची, आणि तिच्यात कडेपासून आतपर्यंत हिऱ्याची बारीक कणी ठोकून बसवलेली. प्रत्येक चकतीबरोबर तो फडक्यात बांधून एक खरखरीत वीट पाठवी. वीट कशासाठी, हे अकीकवालीने कधी विचारले नाही. म्हाताऱ्याची काहीतरी रीत असेल, असे समजून ती वीट बाजूला ठेवी. विटा साठल्या, तेव्हा तिने त्यांची दारात पायरी बांधली. मातीही लिंपली नाही, नुसत्या एकीला एक लावून ठेवल्या.

तांबटावर मात्र तिचा राग होता. त्याची चकती झिजे. थाळीएवढी आलेली चकती थोड्याच दिवसांत वाटीएवढी होई आणि पुन्हा नवी मागवावी लागे. तांबट मुद्दाम मऊ धातू वापरतो, म्हणजे गिऱ्हाईक सारखे दारात येते, असा हिशेब तिने मनाशी मांडला. एके दिवशी तिने तो चावडीवर बोलून दाखवला. चावडीवर पुरावा कोण मागतो? आवाज मोठा असला की पुरते. गावाने तांबटाकडून हंडे-घागरी घेणेही थांबवले.

त्या वर्षी जत्रेत एक व्यापारी आला. त्याच्याकडे पोलादाची चकती होती, तिच्यातही तशीच हिऱ्याची कणी. ही जन्मभर झिजणार नाही, असे तो छातीवर हात ठेवून सांगत होता. अकीकवालीने ती घेतली. कठीण दगडाला कठीण चकतीच हवी, यात तिला विचार करण्यासारखे काही वाटले नाही.

आणि काम तर जिवाभावाचे आले होते. गावाच्या धक्क्याजवळ पाण्यात दोन खडक होते. अंधार पडल्यावर नावाड्याला वाट दिसावी म्हणून तिथे दिवा लावत. पण पुराच्या दिवसांत वारा तो विझवून टाकी. मागल्या वर्षी दिवा विझला आणि एक नाव खडकावर फुटली. माणसे कशीबशी वाचली. त्या राज्यात काच कुणी पाहिली नव्हती. तेव्हा नदीत सापडलेल्या एका मोठ्या अकीकाचे पातळ तक्ते कापून दिव्याभोवती बसवायचे, असे गावाने ठरवले. तसा दगड दुसरा नव्हता. आणि त्याच पुराच्या दिवसांत अकीकवालीची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणासाठी नावेने माहेरी यायची होती.

पोलादी चकती चाकावर चढली. पहिली चीर झकास गेली. मग चकती घसरू लागली. अकीकवालीने दगड जोराने दाबला. चकती आणखी घसरली. तिने आणखी दाबला, तसा दगड तापला आणि त्याचा एक कोपरा टचकन उडाला.

तिने हात मागे घेतला. चकती तसूभरही झिजली नव्हती. व्यापाऱ्याचा शब्द खरा होता. फक्त तिची कड आता आरशासारखी गुळगुळीत झाली होती आणि दगड होता तिथेच होता.

अकीकवालीच्या डोळ्यांपुढे नाव आली, नावेत अवघडून बसलेली लेक आली. तिचा पाय चाकावर चालूच होता. संतापाने तिने मागे वळून पाठीशीच असलेल्या दारातल्या पायरीतली एक वीट उपटली आणि चकतीचा तुकडाच पाडायचा म्हणून फिरत्या कडेवर दाबली. खर्र असा आवाज झाला. लाल चिखल उडाला. चकती तुटली नाही, उलट वीट अर्धी खाऊन गेली.

चाक थांबवून तिने कडेवरून बोट फिरवले. बोटाला खरखर लागली. तिने दगड पुन्हा लावला, तर चकती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. पण जरा वेळाने पुन्हा घसरू लागली. तिने दुसरी वीट उपटून लावली. पुन्हा धार आली, पुन्हा गेली.

तेव्हा ती त्या उखडलेल्या पायरीवर मटकन बसली. कापायचे काम कणी करत होती. कठीण दगडावर वरची कणी बोथट झाली, की तिने गळून पडायला हवे, म्हणजे आतली ताजी कणी वर येते. पोलाद कणीला सोडतच नव्हते. विटेने ते खरवडले तेवढ्यापुरती धार आली. तांबे मात्र आपणहून झिजत होते, आणि झिजता झिजता नव्या कणीला वाट करून देत होते. ज्याला ती इतकी वर्षे लबाडी म्हणत आली, तेच तिचे काम करत होते.

ती उठली आणि तांबटाच्या घरी गेली. म्हातारा भाता गुंडाळून गाडीत ठेवत होता. गाव सोडून निघाला होता.

"विटा कशाला पाठवत होतात, ते मला आज कळलं," ती म्हणाली.

तांबट तिच्या सासऱ्यांचा स्नेही. तिच्या केसांत पांढरे आले तरी तो तिला सूनबाईच म्हणे.

"सूनबाई, एखादे वेळी चकती गुळगुळीत झालीच, तर विटेवर फिरवा, असं तुमच्या सासऱ्यांना सांगितलं होतं मी. पुढं ते तुमच्या घरातल्या घरात कुठं हरवलं, मला काय ठाऊक? एक दिवस तुमची पायरी पाहिली. म्हटलं, असू दे, माझ्या विटांवर पाय पुसून तरी जातात."

ती हसली नाही. "मी चावडीवर जाऊन येते. तोवर गाडी जुंपू नका."

आरोप ऐकायला सगळा गाव जमला होता. चूक कबूल होतेय म्हटल्यावर जेमतेम पाराभोवतीची माणसे उठून आली. तरी तिने आवाज तितकाच मोठा ठेवला. चकती झिजते म्हणूनच कापते, हे तिने सांगितले, आणि आपण एका सरळ माणसाला खोटे पाडले, हेही सांगितले. कुणी हसले. तिने हसू दिले.

परत आली तेव्हा गाडीतले सामान निम्मे उतरले होते. तांबटाने उरलेली एकच चकती फडक्यात बांधून तिच्या हातात ठेवली. सोबत वीट होतीच.

त्या चकतीने तक्ते निघाले. चकती झिजत झिजत रुपयाएवढी उरली. दिव्याभोवती अकीक बसला आणि भर वाऱ्यात नदीवर मधासारखा उजेड पडला. त्या उजेडात दोन खडकांच्या मधून नाव आली आणि लेक धक्क्यावर उतरली. तिचा हात धरायला आई उभी होती, आणि आईच्या मागे मशाल घेऊन तांबट.

बारशाला तांबटाला आजोबांच्या पाटावर बसवले. पाळण्याला खुळखुळ्याच्या जागी ती रुपयाएवढी तांब्याची चकती टांगली होती. आणि त्या दिवसापासून अकीकवाली दारातून आत जाताना आधी वाकून पायरीला हात लावी, तो कपाळाला टेकवी, मग पाऊल टाकी.

लहानथोरांनी गाठीला बांधावे ते इतकेच: जो आपल्यासाठी झिजतो त्याला कच्चा म्हणू नका, कारण आपली धार त्याच्या झिजण्यातून आलेली असते.