झूल उतरलेले घोडे

“दादाच्या मागे कोणीच का धावलं नाही?”

हा प्रश्न हैबतीने वस्तीतल्या दारादारांत उभे राहून विचारला. कोणी म्हणाले, आम्ही जेवत होतो. कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला. कोणी नुसतेच उंबऱ्याकडे पाहत राहिले. उत्तर कोणी दिले नाही, आणि पुढेही ते त्याला कधी मिळाले नाही.

एका घाटाच्या पायथ्याला एकदा एक घोडेवाल्यांची वस्ती होती. घाटावरच्या बाजारात माल चढवायचा आणि तिथला माल उतरवून आणायचा, हा तिथल्या लोकांचा पिढीजात धंदा. घरात दाणे कमी पडले तरी चालतील, पण घोड्याचा तोबरा रिकामा राहता कामा नये, अशी ती माणसे. त्यांच्यात एक रीत फार कडक पाळली जाई. दुसऱ्याच्या घोड्याकडे डोळे भरून पाहायचे नाही. दृष्ट लागते. जनावर बाहेर काढायचे ते पाठीवर झूल घालून, आणि ते समोरून येऊ लागले की भल्या माणसाने मान खाली घालून आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहायचे. जो पाहील तो असंस्कृत, जो शेजाऱ्याच्या घोड्याची स्तुती करील तो तर वैरीच.

हैबतीचा थोरला भाऊ सिदबा याची घोडी चोराने भर दुपारी दावणीवरून सोडली, खोगिरासकट वस्तीतून नेली. सिदबाला कळले तेव्हा तो अनवाणी, एकटाच तिच्या मागे धावला. घाटाच्या वळणावर कड्याचा दगड निसटला आणि तो खाली गेला. घोडी गेली. सिदबाही गेला.

हैबतीला ना फारसे लिहिता येत होते, ना धीर धरता येत होता. सुतक फिटताच तो वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या वृद्ध चाबुकस्वाराकडे गेला. आडदांड शिंगरांना खोगिराची सवय लावण्यात त्या म्हाताऱ्याचे आयुष्य गेले होते. सारे त्याला वस्ताद म्हणत, आणि हैबती त्याचाच शिष्य होता.

“वस्ताद, मला काठी शिकवा,” तो म्हणाला. “डोकी फोडायची आहेत.”

“कोणाची?”

“आधी चोरांची. मग ह्यांची.” त्याने सगळ्या वस्तीवरून हात फिरवला.

वस्तादाने खोगिराचा पट्टा शिवता शिवता मान वर केली. “काठी उद्या. आज एक काम कर. शेटचा घोडा चोरून आण.”

“काय?”

“शेटचा. कुमैत आहे तो, तांबूस अंगाचा. खोगीर, लगाम, सगळं घेऊन ये. आणि अंधार पडायची वाट पाहू नकोस. आत्ताच जा, उन्हात.”

हैबती चक्रावला. शेट हा वस्तीतला धान्याचा व्यापारी. त्याचे घर चौकात, आणि सिदबा धावला तो त्याच्याच ओट्यासमोरून. डोक्यात रागच होता, त्यामुळे फार विचार न करता हैबती उठला. शेटच्या गोठ्यात शिरून त्याने घोडा सोडला, वर झूल टाकली आणि भरचौकातून चालू लागला.

विहिरीवर बायका होत्या. यमनाक्का म्हणून एक तोंडाळ म्हातारी होती, तिने घागर खाली ठेवून जमिनीकडे पाहत विचारले, “हैबती का रे तू? चालीवरून ओळखलं. आई जेवली का तुझी?”

“जेवली, अक्का.”

“तिला म्हणावं, संध्याकाळी भाकरी घेऊन येते. आणि तू पायात काहीतरी घाल, तापलेत दगड.”

घोडा तिच्या पदराला घासून गेला. तिने मान वर केली नाही. पुढे पारावर पत्ते चालले होते, तिथे चौघांनी हातातल्या पानांत डोके खुपसले. हैबतीने मुद्दाम घोडा थांबवला, खाकरला. एक जण म्हणाला, “जा बाबा, जा. आमचं लक्ष नाही.” वस्तादाच्या अंगणात पोहोचेपर्यंत हैबतीच्या कपाळाला घाम फुटला होता, आणि तो उन्हाचा नव्हता.

थोड्याच वेळात शेटची आरोळी उठली. सारी वस्ती चौकात जमली. वस्ताद काठी टेकत आला.

“शेटचा घोडा कोणी पाहिला?”

कोणीच नाही.

“बरं, रंग कसा आहे त्याचा?”

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. कोणी म्हणाला काळा, कोणी म्हणाला अबलख.

यमनाक्का तडकली. “अहो वस्ताद, आम्ही काय दुसऱ्याच्या जनावराकडे बघणारी माणसं वाटलो? रीत आहे आपली!”

तेव्हा वस्तादाने हैबतीला खूण केली. त्याने घोडा चौकात आणला आणि झूल ओढून काढली. शेट लाल झाला. “ह्या कारट्याने? माझा घोडा?”

“मी सांगितलं म्हणून,” वस्ताद म्हणाला. “तुमच्या सगळ्यांच्या अंगावरून नेला त्याने. शेट, तुमची रीत वाईट नाही. शेजाऱ्याच्या भाग्यावर डोळा ठेवू नये, एवढंच पूर्वज सांगून गेले. पण चोर शहाणा निघाला. तुम्ही भलेपणाने खाली घातलेली मान त्याने आपल्या कामाला जुंपली. कुलूप लावाल, साखळ्या आणाल. साखळी एका घराची राखण करते. ज्या वस्तीत प्रत्येक घोडा प्रत्येकाला ठाऊक असतो, तिथून चोराने नेलेलं जनावर विकायचं तरी कुठं? शेजारणीने पाहिल्यामुळे घोडा आजारी पडला तर वैद्य येईल. कोणीच पाहिलं नाही तर घोडा जाईल, आणि त्याच्या मागून माणूसही जाईल.”

हैबतीला राहवले नाही. “मग दादाच्या वेळी...”

वस्तादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “पोरा, उत्तर मागशील तर सबबी मिळतील. काम माग. माणसं मिळतील.”

हे हैबतीला पटले नाही. पण गुरूचा हात खांद्यावर होता, म्हणून दातओठ खात त्याने काम मागितले.

त्या दिवसापासून वस्तादाच्या सांगण्यावरून वस्तीत फेरी सुरू झाली. दिवेलागणीच्या आधी प्रत्येकाने आपला घोडा झूल उतरवून साऱ्या दारांवरून न्यायचा. दारातल्या माणसाने त्याच्या अंगावर हात फिरवून खुणा मोठ्याने सांगायच्या. कपाळावर चांदणी, डाव्या मांडीवर भोवरा, मागचा पाय पांढरा. खोगिराच्या आतल्या बाजूला प्रत्येक घराने आपली खूण डागली आणि ती शेजाऱ्यांना दाखवून ठेवली. अनोळखी हातात ओळखीचा घोडा दिसला तर पाहणाऱ्याने ओरडून विचारायचे, “कुणाचा? कुठं?” पुढच्या दाराने तेच ओरडायचे, मग त्याच्या पुढच्याने, थेट घाटात माल चढवणाऱ्यांपर्यंत.

सुरुवातीला सगळे लाजत. नवी नवरी घुंगट काढते तशी माणसे झूल काढत. यमनाक्का एकेका घोड्याला जवळून न्याहाळून म्हणे, “इतकी वर्षं मी अंगठाच बघितला गं बाई, केवढं देखणं होतं हे सगळं!” हैबती फेरीच्या पुढे चाले. कोणी चुकला तर त्याच्या अंगावर खेकसे. एकदा तर त्याने एका आळशाच्या दारावर लाथ घातली, आणि वस्तादाने त्याला ते दार स्वतः दुरुस्त करून द्यायला लावले.

फक्त शेट फेरीत आला नाही. “माझ्या घोड्याचं प्रदर्शन होणार नाही,” तो म्हणाला. हैबतीने ठरवून टाकले, ह्याचे काही गेले तर आपण बोटही हलवायचे नाही.

बाजाराचा दिवस होता. पागोटे बांधलेला एक परका माणूस झूल घातलेला घोडा घेऊन शांतपणे चौकातून निघाला. पूर्वी त्याच्यासाठी साऱ्या माना खाली गेल्या असत्या. पण आता वस्तीत झूल घातलेला घोडाच उठून दिसत होता.

“ए पावण्या,” यमनाक्का विहिरीवरून ओरडली, “एवढ्या उन्हात त्याला गोधडी कशाला? उचल बघू जरा!”

माणूस दचकला, झूल फेकून घोड्यावर बसला आणि भरधाव सुटला.

“अगं बाई, कुमैत! त्या दिवशी चौकात पाहिलेला, शेटचा! कुणाचा? कुठं?”

दार ओरडले, पुढचे दार ओरडले. शेट ओट्यावरून उठला, एकटाच, धोतराचा सोगा हातात धरून घाटाकडे धावत सुटला. हैबती पारापाशी उभा होता. शेट त्याच्या समोरून गेला. हैबतीचे पाय जमिनीला चिकटले. पाहा म्हणावं आता, एकटं धावणं कसं असतं. त्याने शेटची पाठमोरी आकृती लहान होताना पाहिली. अनवाणी होता शेट.

आणि हैबती धावला. धावताना काय ओरडत होता ते त्याचे त्यालाही कळले नाही. त्याच्या मागून पारावरचे चौघे धावले, विहिरीवरच्या बाया धावल्या, साऱ्या वस्तीच्या पायांचा आवाज घाटात घुमला. वर आरोळी आधीच पोहोचली होती. माल चढवणाऱ्यांनी आपली तट्टे रस्त्यात आडवी उभी केली होती. चोराला ना पुढे वाट, ना मागे. लोकांनी त्याला खाली ओढले.

हैबती वाटेत उचललेली काठी उगारूनच तिथे पोहोचला. पण शेट वळणावर, कड्याला अगदी लागून, धापा टाकत उभा होता. पायाखालचे खडे सुटत होते. हैबतीच्या हातातून काठी पडली. त्याने दोन्ही हातांनी शेटचा दंड धरला आणि त्याला आत ओढले.

“मागं सरा, शेट.”

शेट मातीत बसला. मग म्हणाला, “हैबती, त्या दिवशी मी ओट्यावरच... मी...”

“असू द्या,” हैबती म्हणाला.

चोराला कोणी मारले नाही. साऱ्यांनी मिळून त्याला ठाण्यावर नेऊन दिले.

संध्याकाळी वस्तादाने विचारले, “काठी शिकायची राहिलीय. उद्यापासून?”

हैबतीने घाटाकडे पाहिले. मग म्हणाला, “नको, वस्ताद. मी धावलो ना, तेव्हा मागं वळून पाहिलं. सगळे होते.”

वस्तादाने मान डोलावली.

ही वार्ता घाटापलीकडे गेली. तिथल्या घोडेवाल्यांनी निरोप धाडला की आमच्याकडेही असेच होते, फेरी शिकवायला माणूस द्या. वस्तादाने हैबतीचे नाव सांगितले. आईला घेऊन तो तिकडेच राहायला निघाला. निघायच्या सकाळी शेटच्या घोडीला शिंगरू झाले. नवे शिंगरू महिनाभर कोणाच्या दृष्टीस पडू द्यायचे नाही, ही तर साऱ्यांत जुनी रीत. शेट स्वतः त्याला दोन्ही हातांवर उचलून दारात आला आणि म्हणाला, “ह्याला फेरीला तूच ने.”

हैबतीने गाठोडे खाली ठेवले. ओले, लटपटणारे ते शिंगरू त्याने कवेत धरून पहिल्या दारापाशी उभे केले आणि मोठ्याने सांगितले, “बघा, नीट बघा. कपाळावर चांदणी, मानेच्या उजव्या बाजूला भोवरा.” मग दुसऱ्या दारापाशी. मग तिसऱ्या. शेवटच्या दारातून माणसे बाहेर येईपर्यंत तो त्याला सावरून उभा राहिला.