विकटाक्षाचे गुण

त्रेतायुग उतरणीला लागले होते, तेव्हा वेणुमती नदीच्या तीरी दीप्तधन्वा नावाचा राजा राज्य करीत असे. रणात पडलेल्या वीराला स्वर्गाचे दार आपोआप उघडत नसे, असा त्या काळचा नियम होता. ज्याने त्याचे शौर्य डोळ्यांनी पाहिले, त्या सूताने, म्हणजे स्तुती गाणाऱ्या भाटाने, मरणानंतर दहाव्या दिवशी नदीत उभे राहून, ओंजळीत पाणी घेऊन त्याचे गुण गायचे आणि पाणी सोडायचे; मगच चितेला अग्नी द्यायचा. असे गायिलेले गुण, मेलेल्याचे असोत की जिवंताचे, म्हणजे संकल्प करून दिलेली गाय. ती पुन्हा दुसऱ्याला देता येत नसे.

राजाचा सारथी आणि सूत होता कलस्वन. विकटाक्ष या असुराशी सात दिवस युद्ध चालले, आठव्या दिवशी राजाची प्रत्यंचा तुटली. विकटाक्षाने गदा खाली ठेवली. "राजा, दोरी चढव. तोवर मी थांबतो," असे म्हणून तो वळला आणि राजाच्याच एका घायाळ सैनिकाला ओंजळीने पाणी पाजू लागला. राजाने दोरी चढवली, आणि विकटाक्षाच्या पाठीत बाण मारून त्याला ठार केले. हत्तींच्या धुळीत हे पाहणारा सूत एकटा कलस्वनच होता.

विकटाक्ष पडल्याच्या नवव्या दिवशी त्याची पत्नी धूम्रा कलस्वनाच्या अंगणात आली. डोळे कोरडे होते.

"सूता, तुझ्या राजाची निंदा मला नको," ती म्हणाली. "पाणी प्यालेल्या त्या सैनिकाने मला सारे सांगितले. माझ्या माणसाने शत्रूला दोरी चढवायला वेळ दिला, शत्रूच्या माणसाला पाणी दिले, एवढेच गा. तेवढ्याने तो पार होईल. नाही गायिलास तर तो वाऱ्यावर भटकेल."

"गाईन, बाई," कलस्वन म्हणाला. त्या क्षणी त्याच्या मनात खोट नव्हती.

संध्याकाळी राजाने बोलावले. "उद्या सकाळी आमच्या विजयाचे गान कर. धुळीत तुला नीट दिसले नसेल, नाही का?"

"मधूनमधून दिसत होते, महाराज."

राजा हसला. "तीन पिढ्या तुमचे कुळ आमच्या घोड्यांचे लगाम धरते आहे. जिभेचा लगाम धरता येत नसेल, तर तेही काम दुसऱ्या कुळाला देऊ."

घरी येताना कलस्वनाने विचार केला, आणि शहाण्या माणसाने करावी तशी चूक केली. राजाजवळ गाण्यासारखे तर काहीच नव्हते. मग क्षमा, शत्रूविषयी आदर, तहानेल्यावर दया हे विकटाक्षाचे गुण राजाच्या नावाने गावेत. गुण तर खरेच राहतील, नाव तेवढे बदलेल. आणि देवांना सारे दिसते, ते नाव दुरुस्त करून घेतील. दुपारी मग असुरासाठी हेच पुन्हा गाऊ.

सकाळी त्याने ओंजळ भरली आणि गायिले. इतके सुंदर तो आयुष्यात गायिला नव्हता. सैनिक रडले. खुद्द राजाचे डोळे भरून आले, आणि त्या घटकेपासून ते सारे आपणच केले, असे त्याला मनापासून वाटू लागले.

दुपारी असुराच्या चितेजवळ कलस्वन पाण्यात उतरला. तोंड उघडले, आणि एकही शब्द येईना. गुण देऊन झाले होते. ओंजळीतले पाणी बोटांतून गळून गेले.

धूम्रा चितेजवळून पाण्याकडे आली. मग म्हणाली, "सकाळचे गाणे मी पलीकडच्या तीरावरून ऐकले. त्यात माझा नवरा मी ओळखला. सूता, तुला मरणाचा शाप देत नाही. तुझे गाणे अमर होवो. ज्याच्या हाती राज्य येईल, त्याच्या नावाने ते गायिले जावो. तुझ्या कुळाने ते गावे, आणि हे गुण कुणाचे, हे त्यांतल्या एकालाही सांगता येऊ नये."

कलस्वन गुडघे टेकून म्हणाला, "आई, उःशाप दे."

"सकाळी गाण्याआधी येऊन क्षमा मागितली असतीस तर दिली असती," ती म्हणाली, आणि चिता पेटवून तीत शिरली.

तेव्हापासून वीराचे गुण सगळीकडे तेच आहेत. शरण आलेल्याला अभय, निःशस्त्रावर वार नाही, तहानेल्याला पाणी. राज्याभिषेकाला सूत ते गातात, आणि नवा राजा मान डोलावून ऐकतो. वेणुमतीच्या तीरी मात्र वारा सुटला की गुरे चरायचे थांबून माना वर करतात, आणि गुराखी म्हणतात, असुर फिरतो आहे, पोरांना घरात घ्या.