हाकेचं तळं

बसा बायांनो, बांधावर ऐसपैस बसा. पण पाय पाण्यात सोडू नका, आणि चपला तिकडं काढा. तुम्ही पार दुसऱ्या तालुक्यातनं आलात, आमच्या महिला मंडळानं दारूचं दुकान कसं बंद पाडलं ते ऐकायला. ते सांगेनच, पण आधी हे तळं बघून घ्या. आमच्या खडकवस्तीत शिमग्याला विहिरींचा तळ दिसतो, हे मात्र भर उन्हाळ्यातही असं काळंशार भरलेलं. आणि मघाशी पारापाशी पोस्टमननं मंगल शिर्केला हाक मारली, तर तिथल्या सगळ्या बाया "ओ" म्हणाल्या, तेव्हा तुम्हाला हसू आलं. हसा खुशाल. नवी नवरी होऊन आले तेव्हा मीही हसले होते, आणि सासूनं डोळे वटारले होते. ती रीत या तळ्यापासून पडली असं सांगतात.

मी गजराबाई, मंडळाची अध्यक्ष. मला हे सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. यात खरं किती ते मला विचारू नका, मी तेव्हा नव्हते.

त्या काळी गावात एका पाटलाचा शब्द चाले. त्याचं नाव आम्ही घेत नाही. त्यानं हा बांध घातला, पण पाणी काही ठरेना. पावसाळ्यात तळं भरायचं आणि दिवाळीच्या आत खालच्या खडकातल्या भेगेतून निघून जायचं. गुरं मरायला लागली, माणसं गाव सोडायला लागली. तेव्हा कुणा देवऋषीनं पाटलाला सांगितलं म्हणे, घरची सून दिलीस तर पाणी राहील. पुढं लवकरच पाटलाची थोरली सून माहेरी गेल्याचं गावात कळलं. ती परत आली नाही, आणि पाणी मात्र ठरलं. कुणी काही विचारलं नाही. बाया तेच पाणी शेंदून नेत होत्या. आमच्याच आज्या-पणज्या त्या, पण त्यांची बाजू घेऊन मी ही गोष्ट सांगणार नाही. त्यांनी विचारायला हवं होतं.

काही वर्षांनी भेग पुन्हा उघडली आणि तळं आटलं. आता पाटलाच्या घरात धाकटी सून होती, भागीरथी. सासऱ्यानं तिला सांगितलं, अवसेला दिवेलागणीच्या वेळी तळ्यात उतर आणि त्या भेगेची खणानारळानं ओटी भर, एकटीनं. पोर हो म्हणाली. सासऱ्याला नाही म्हणायची सोय कुठं होती? जीव जाणार हे तिला कळलं होतं म्हणे. तिनं आपल्या बांगड्या काढून फडक्यात बांधून ठेवल्या होत्या.

त्याच आठवड्यात पाटलाकडून कुंभारवाड्यात कोऱ्या घटाची मागणी आली. अवसेला तळ्यावर हवा, आतून हळद लावून दे, असा निरोप होता. धोंडाई कुंभारणीनं तो ऐकला आणि चाकावरची माती तशीच राहिली. थोरली माहेरी गेली म्हणतात, त्याच्या आदल्या दिवशी तिनंच असा घट करून दिला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, घरात काही पूजा असेल.

धोंडाईनं काय करावं? पंच सगळे पाटलाचे. तिनं पहाटे जातं मांडलं आणि भागीरथीवर काय आलंय ते ओवीतनं गायलं. शेजारणीनं ते ऐकून आपल्या जात्यावर उचललं, तिचं पलीकडच्या आळीनं उचललं. माळ्यांच्या घरातनं ते महारवाड्यापर्यंत गेलं, तिथून परत वर आलं. पुरुष अंथरुणात पडून ऐकत होते. बायांचं रोजचंच चाललंय, असं त्यांना वाटलं. उजाडेपर्यंत ठरलं होतं की अवसेला सगळ्यांनी तळ्यात उतरायचं. पाटील भागीरथीला हाक मारील, तेव्हा सगळ्यांनी ओ द्यायची.

आणि तसंच झालं. दिवेलागणीला पाटील माणसं घेऊन या बांधावर उभा राहिला. शेजारी त्याची बायको, हातात तो घट घेऊन. खाली बघतो तर तळ भरून बाया बसलेल्या, पदर हनुवटीपर्यंत ओढलेले, एकमेकींचे हात धरलेले. कोण कुठल्या घरची, काही कळेना.

"भागीरथे, पुढं हो," पाटील ओरडला.

"ओ," सगळ्या म्हणाल्या.

त्यानं माणसांना खाली उतरा म्हणून सांगितलं. पण त्या आवाजात कुणाची आई होती, कुणाची बायको. एकही पुरुष हलला नाही. पाटलानं पुन्हा हाक मारली, पुन्हा तीच ओ. मग तो दोन पावलं मागं सरला, आणि बायांना वाटलं की आपण जिंकलो.

तेवढ्यात दुसरीच हाक आली. बांधावरून नाही, खालून, भेगेतून. बाईचा आवाज, मायेचा.

"चंपे, ए चंपे."

त्या बायांत चंपा कुणीच नव्हती. कुणाला तरी चुकून हाक आली असेल, असं समजून सगळ्या गप्प बसून राहिल्या. एकटी भागीरथी म्हणाली, "ओ." अगं, तिचं माहेरचं नाव चंपा होतं. लग्नात ते बदललं, त्यानंतर त्या नावानं तिला कुणी बोलावलंच नव्हतं. आणि तो आवाज तिच्या आईचा होता. आई तर आदल्या वर्षी गेलेली.

ओ दिल्याबरोबर भेगेतून पाणी आलं. बाकीच्यांच्या खाली कोरडी माती, आणि भागीरथीच्या घोट्यापाशी पाणी, मग गुडघ्यापाशी. तिचा हात धोंडाईच्या हातातनं ओढला जायला लागला. धोंडाईनं मनगट सोडलं नाही.

"कोण गं चंपा?" तिनं विचारलं.

"मी."

हाक पुन्हा आली. या वेळी धोंडाई ओरडली, "ओ!" तिच्या शेजारणीनं ओ दिली, मग सगळ्यांनी. तसं पाणी भागीरथीला सोडून पसरलं आणि साऱ्यांच्या पायांखाली आलं.

मग ते एकेकीला बोलवायला लागलं. ठकी, बयो, सोनसाखळी, लाडाची, टाकून दिलेली, विसरून गेलेली नावं. प्रत्येकीला आपापल्या माणसाच्या आवाजात. जिचं नाव निघे तिला उठून जावंसं वाटे, असं सांगतात. माहेरची हाक ती, कुणाला जावंसं वाटणार नाही? पण ती शेजारणीला सांगायची, "हे माझं आहे," आणि सगळ्या मिळून ओ द्यायच्या. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. कुणा एकीला धरायला त्याला सापडेना.

शेवटी एक नाव आलं, "सारजा."

कुणीच म्हणेना की हे माझं आहे. धोंडाईनं सगळ्यांना विचारलं. एकमेकींना हलवून विचारलं. कुणाचंच नव्हतं. हाक येत राहिली आणि पाणी हनुवटीला लागलं. तेव्हा बांधावर काहीतरी फुटलं. पाटलाच्या बायकोच्या हातातनं घट पडला होता. ती खाली बसून म्हणाली, "माझी थोरली गं ती. तिचं माहेरचं नाव."

या बायांनी त्या पोरीबरोबर वर्षानुवर्षं पाणी भरलं होतं, गौरी खेळल्या होत्या. तिला सगळ्या पाटलाची थोरली म्हणायच्या. नाव कुणी विचारलंच नव्हतं. धोंडाई त्या पाण्यात उभी राहून रडली. मग तिनं ओ दिली, आणि सगळ्यांनी दिली, पाटलाच्या बायकोनंसुद्धा.

पाणी तिथंच थांबलं. तिथून ते ना वर चढलं, ना खाली उतरलं. सारजाला तळं हाक मारत होतं, की तीच आपलं नाव सांगत होती, हे मला माहीत नाही. माझ्या सासूलाही माहीत नव्हतं.

ओल्या लुगड्यांनी बाया वर आल्या आणि पाटलाला म्हणाल्या, यापुढं गावाचं जे ठरायचं ते इथं, आमच्यासमोर ठरेल. त्याला पुढं हे पाणी पिता येईना म्हणे. ओंजळ तोंडाशी नेली की त्याला कुणीतरी "मामंजी" म्हणायचं.

आजही आमची बैठक इथंच भरते, मग विषय रेशनचा असो की ग्रामपंचायतीचा. नवी सून आली की देवाच्या आधी तिला इथं आणतो, माहेरचं नाव विचारतो, आणि प्रत्येक बाई ते तोंडानं म्हणून बघते. बैठकीत पहिली हाक सारजाची. आम्ही सगळ्या ओ देतो आणि गप्प बसतो. मग तळ्याकडून एक ओ येते. अशा बघू नका माझ्याकडं, तुम्हीही ऐकाल आज. ती आली की बोलायला सुरुवात.

ज्या बैठकीनंतर दारूचं दुकान बंद पडलं, त्या दिवशी तळ्याची ओ आलीच नाही. दोनदा हाक मारली, पाणी गप्प. मी म्हटलं, आपल्यातली कोण नाही बघा. बघितलं, तर दुकानवाल्याचीच सून नव्हती. आदल्या बैठकीत ती भर सभेत सासऱ्याविरुद्ध बोलली होती.

आम्ही उठलो आणि सगळ्या त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. तो म्हणाला, ती घरात नाही. आम्ही त्याच्याशी वाद घातला नाही. तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली, "कस्तुरे!"

मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. तिथून ओ आली. बारीक, पण सगळ्यांनी ऐकली, त्यानंही ऐकली. "कडी काढ," मी म्हटलं. त्यानं काढली.

कस्तुरी कोपऱ्यात होती. हात बांधलेले, आणि तोंडात कापडाचा बोळा घट्ट कोंबलेला.