मेहुणवेशीला दारं का नाहीत

धामणदऱ्यात येताना तुम्ही ज्या दगडी वेशीखालून आलात, तिला दारं नाहीत हे तुमच्या लक्षात आलं असेलच. बिजागऱ्यांची भोकं आहेत, अडसर सरकवायची खोबण आहे, दारं तेवढी नाहीत. येणारे विचारतात, चोरीला गेली का? तर नाही. ज्याच्यावर ती राखायची जबाबदारी होती, त्यानंच ती काढून टाकली. या वेशीला मेहुणवेस म्हणतात. नाव ऐकून हसू आलं तर खुशाल हसा, पण गोष्ट ऐकून मग जा.

फार पूर्वी दरोडेखोरांनी गावची गुरं हाकून नेली म्हणे. गाव हबकलं. सागवानी दारं बसवली आणि राखणीला कोंडाजीला उभा केला. असं सांगतात की या कोंडाजीची आधी मिशी यायची, मग तो यायचा. त्यानं वेशीबाहेरच्या भैरोबापुढं बेलभंडारा उचलून शपथ घेतली, "परका मानूस आत आला, तर ही मिशी उतरवून तुझ्या पायाशी ठेवीन." देवानं ऐकलं की नाही कोण जाणे, गावानं मात्र पक्कं ऐकलं.

मग त्यानं कहर मांडला. कासाराला बाहेरच बसवलं. बायका दाराच्या झडपेतून हात बाहेर काढायच्या आणि एकीच्या बांगड्या दुसरीच्या मनगटात जायच्या. एकदा तर त्यानं नवरदेवच अडवला. लग्न लागेपर्यंत तो जावई नाही, आणि जावई नाही म्हणजे परका! शेवटी नवरी आत, नवरदेव बाहेर आणि मधे दाराचाच अंतरपाट करून अक्षता टाकाव्या लागल्या. नवरदेवाकडच्या माणसांनी त्या दिवशी कोंडाजीला काय काय म्हटलं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

कोंडाजीला सकी नावाची लेक होती. वय असेल चारेक वर्षांचं. ती दिवसभर वेशीपाशीच मातीत खेळायची. बाहेरून आत सोडलेला एकच माणूस तिला ठाऊक होता, तिची आई येसू हिचा भाऊ. तो आला की तिला खांद्यावर घ्यायचा, शेंगदाण्याचा लाडू द्यायचा. पोरीच्या डोक्यात मग पक्कं बसलं, आत राहतात ते बा, काका, आजा. आणि बाहेरून येतो तो मामा. मामा हे नातं आहे, दिशा नव्हे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पौषातल्या एका दुपारी दारावर थाप पडली. कोंडाजीनं झडपेतून पाहिलं. बाहेर ताडमाड माणूस, छातीपर्यंत दाढी, अंगावर फाटकं कांबळं. "कोन रं?" यानं दरडावलं. त्यानं काहीतरी उत्तर दिलं, पण ती बोली आपल्या मुलखातली नव्हती. कोंडाजीनं झडप लावून टाकली.

दाराखाली वीतभर फट होती. सकीला तिथून पाय दिसले. "मामा आला!" ती ओरडली, हातातली अर्धी भाकरी तिनं फटीतून सरकवली आणि पाठोपाठ स्वतःही सरकली. कोंडाजी वळला तेव्हा आत फक्त तिच्या परकराची किनार दिसत होती, पुढच्या क्षणी तीही गेली.

शपथ गेली, मिशी गेली, डोळ्यांपुढं फक्त पोर. अडसर फेकून, भाला सरसावून तो बाहेर धावला. तर काय, तो राक्षस मातीत बसलेला, त्याचा पाय सकीच्या मांडीवर, आणि ती टाचेतल्या काट्यावर फुंकर घालतेय.

"बा, मामाला बाऊ झालाय."

"सके, त्यो तुजा मामा न्हाई. चल आत."

"मंग कोन हाय?"

कोंडाजीला ते कुठं ठाऊक होतं! पोरीनं त्या माणसाचं बोट धरलं ते सोडेचना. बापानं ओढलं की भोकाड पसरायची. तेवढ्यात "मामा आला" ही हाक ऐकून येसू पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन लगबगीनं आली. भाऊ आल्याच्या आनंदात मान खाली घालूनच तिनं पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला आणि मग वर पाहिलं. पण आता ओवाळून झालं होतं. ते परत कसं घेणार?

गाव गोळा झालं. न्हावी न बोलावता वस्तरा परजत आला. मिशीवर त्याचा डोळा कितीतरी दिवस होता. कोंडाजीनं मिशी मुठीत धरली. त्यानं पाटलाला विचारलं, "पोरीचा मामा, म्हंजी माजा कोन?"

"मेव्हना," पाटील म्हणाला.

"मेव्हना परका असतुया व्हय?"

पाटलानं हातानंच न्हाव्याला मागं सारलं. पाटलाचे स्वतःचे मेहुणे त्याच्याच ओसरीवर बारा महिने जेवत होते. न्हाव्यानं वस्तरा मिटला, पाहुणा आत आला, तीन माणसांचं जेवला आणि सकीला मांडीवर घेऊन झोपला.

कोंडाजीला मात्र चैन पडेना. गावाला गप्प केलं, भैरोबाला कसं करणार? आणि जीव खाणारी गोष्ट वेगळीच होती. इतक्या वर्षांत दारावर आलेल्यांपैकी एकाचीही टाच त्यानं पाहिली नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली. सकाळी तो न्हाव्याला घेऊन देवळात गेला आणि मिशी उतरवून देवापुढं ठेवली.

न्हावी तिथूनच परगावी कामाला गेला. कोंडाजीनं एकट्यानं परत येऊन थाप मारली, तर आत त्याच्या जागी उभा असलेला चुलत्याचा पोरगा झडपेतून म्हणाला, "कोन रं तू?"

"आरं, मी कोंडाजी!"

"जा जा! कोंडाजीला मिशी हाय."

त्यानं येसूला बोलवायला लावलं. येसूनं पाहिलं आणि ती पदर पुढं ओढून म्हणाली, "आमच्यात न्हाई असला कुनी." कोंडाजी आपल्याच दाराबाहेर उन्हात उभा राहिला. ऐकतं कोण? मग खालच्या फटीतून एक चिमुकला हात बाहेर आला. हातात भाकरीचा तुकडा होता.

"मामा आला!"

कोंडाजी मातीत बसला. तो तुकडा त्यानं खाल्ला आणि लहान पोरासारखा रडला. आतून अडसर सरकल्याचा आवाज आला. दार उघडलं होतं दाढीवाल्यानं. त्यानं कोंडाजीला एकदा निरखलं, ओळखलं, आणि आपल्या बोलीत काहीतरी बोलून आत बोलावलं. गावकरी म्हणतात, तो म्हणाला असणार, या मेहुणे. दोघांनी मिळून दारं उतरवली ती त्याच दुपारी. पाहुणा पुढं कुठं गेला, त्याचं नाव काय होतं, हे कुणालाच माहीत नाही.

आजही वेशीत कुणी अनोळखी दिसलं, तर आमची मोठी माणसं तोंड उघडत नाहीत. कोण आलंय, हे लेकरांनी सांगायचं आणि आम्ही मान्य करायचं. तेव्हा साहेब, मघापासून ही शेंबडी पोरगी तुमचं बोट धरून उभी आहे, ते तेवढं सोडवून घेऊ नका. हिच्या आईनं तव्यावर भाकरी टाकली आहे.