डोहाच्या वाटेवरची गुहा

मुलांनो, जंगलात चेंडूचे सामने होत असत असे सांगितले, तर तुम्हाला हसू येईल. पण ज्या जंगलाची ही गोष्ट आहे, तिथल्या प्राण्यांना त्याचे हसू येत नसे. सामना जवळ आला की त्यांची झोप उडत असे.

त्याचे कारण असे. एका नदीच्या अल्याड एक जंगल होते आणि पल्याड दुसरे. उन्हाळ्यात नदी आटून जाई आणि स्वच्छ पाण्याचा एक खोल डोह तेवढा उरे. त्या डोहासाठी पूर्वी दोन्ही काठांच्या प्राण्यांत रक्त सांडत असे. शेवटी जाणत्यांनी एकत्र बसून ठरवले, की थंडी सरताना नदीच्या वाळूत वेलींच्या चेंडूने सामना खेळायचा. जो काठ जिंकेल त्याने उन्हाळाभर डोहाचे पाणी प्यायचे. जो हरेल त्याने खालच्या वळणावरच्या गढूळ पाण्यावर भागवायचे. त्या वळणावर एक मगर राहत असे.

अल्याडचे प्राणी गेली काही वर्षे सारखे हरत होते. दर उन्हाळ्यात त्यांच्यातले कुणी ना कुणी मगरीच्या तोंडी जाई. त्यामुळे सामन्याचे दिवस जवळ आले तसे सारे जंगल अस्वस्थ झाले. माकडे एका फांदीवर टिकेनात. ससे खाता खाता मध्येच थांबून कान उभारू लागले.

अशा वेळी लांडगा परत आला.

हा लांडगा पूर्वी अल्याडचाच होता. त्याच्यासारखा खेळाडू दोन्ही काठांवर झाला नव्हता. समोरच्याच्या पायातला चेंडू त्याने एकदा पळवला, की तो थेट मैदानाच्या टोकाला गोल मानलेल्या दोन सागांच्या मधून पार होई. पण एका दुष्काळी दुपारी त्याने भयंकर गुन्हा केला होता. पाणवठ्यावर कुणी कुणावर हल्ला करायचा नाही, हा जंगलातला सर्वांत मोठा कायदा. लांडग्याने तो मोडला. पाणी पीत असलेल्या एका हरिणीवर त्याने मागून झडप घातली. बाकीचे धावून आले म्हणून ती वाचली, पण तिचा मागचा पाय कायमचा अधू झाला. जंगलाने लांडग्याला डोंगरापलीकडच्या उघड्या माळावर हाकलून दिले. तिथे त्याने ठरवून दिलेली सगळी वर्षे काढली आणि शिक्षा पुरी झाल्यावरच तो परतला.

दुसऱ्याच सकाळी तो वाळूत चेंडू घेऊन उतरला. अल्याडच्या संघाचा नायक सांबर पाहतच राहिला. लांडगा अस्वलाला चकवून गेला, रानडुकराला चकवून गेला आणि सांबराला कळायच्या आत चेंडू सागांच्या पार झाला.

"हा आपल्याकडून खेळला, तर डोह आपला!" सांबर म्हणाला.

"खेळेल की," झाडाआडून कोल्हा पुढे आला. "पण त्याच्यातर्फे मी बोलणार. त्याला करार हवा."

त्याच दुपारी सभा भरली. जंगलाची प्रमुख असलेली म्हातारी हत्तीण वडाखाली उभी होती. कोल्ह्याने अटी सांगितल्या. "डोहातल्या माशांचा पहिला वाटा त्याचा. आणि डोहाच्या वाटेवर जी मोठी, थंडगार गुहा आहे, ती कायमची त्याची."

सभेत एकदम गलका झाला. ती गुहा जंगलातली सर्वांत चांगली जागा होती. डोहाकडे उतरणारी वाट अगदी तिच्या तोंडावरूनच जात असे.

"एवढे?" रानडुक्कर गुरगुरले. "आम्ही इतकी वर्षे धडपडलो, आम्हाला कुणी बीळसुद्धा दिले नाही!"

"तुम्ही इतकी वर्षे हरलात," कोल्हा शांतपणे म्हणाला. "आणि हे बघा, पल्याडचे लोक काल त्याला भेटून गेले. दिवस मावळायच्या आत उत्तर द्या. नाहीतर तो तिकडून खेळेल."

 जो तो बोलू लागला आणि कुणी कुणाचे ऐकेना.

"त्याने शिक्षा भोगली आहे," माकड म्हणाले. "आता जन्मभर त्याला गुन्हेगारच म्हणायचे का?"

"शिक्षा भोगली म्हणजे स्वभाव बदलला का?" ससा म्हणाला.

"अरे, आपण त्याला जावई करून घेत नाही," अस्वल वैतागून म्हणाले. "चेंडू मारायला घेतोय."

"मग गुहा कशाला देताय?" मुंगूस ओरडले. "चेंडू गुहेत मारणार आहे का तो?"

काहीजण हसले, पण लगेच गप्प झाले. कारण सभेच्या कडेला हरिणी उभी होती. तिचे पाडस तिला अगदी बिलगून होते. इतका वेळ तिच्याकडे कुणी पाहिलेही नव्हते.

हत्तिणीने विचारले, "हरिणी, तुझे काय म्हणणे आहे?"

हरिणी लंगडत पुढे आली. तिचा आवाज बारीक होता, पण तो सगळ्यांपर्यंत पोहोचला.

"आजी, त्याला खेळू दे," ती म्हणाली. "तो खेळला म्हणून मला काही होत नाही. मला सामना बघायचा नसेल तर मी बघणार नाही. पण गुहा देऊ नका. पाणी पिताना आम्हाला मान खाली घालावी लागते. मागचे दिसत नाही. तो तिथे बसलेला असताना माझ्याने मान खाली घालवणार नाही."

"पण तो काही करणार नाही!" कोल्हा म्हणाला. "तसे त्याने वचन दिले आहे."

"नसेल करणार," हरिणी म्हणाली. "मी कुठे म्हणते करेल म्हणून?"

लांडगा लांब एका खडकावर बसून हे सारे ऐकत होता. तो उठून पुढे आला. "माळावर मला सावली नव्हती," तो म्हणाला. "मी पाण्यासाठी कुठे कुठे फिरलो ते माझे मला माहीत. मी जे केले ते वाईट होते. पण आता मी जिंकून दिले, तर मला सर्वांसमोर चांगल्या जागी राहायचे आहे. कडेकपारीत तोंड लपवून नाही."

त्याचेही काही खोटे नव्हते. म्हणूनच सभेला काय करावे ते सुचेना. सूर्य कलू लागला तशी चुळबूळ वाढली. पलीकडच्या काठावर कुणीतरी आरोळी ठोकली आणि सगळे दचकले.

"मगरीने गेल्या वर्षी माझे पिल्लू नेले," एक मोर एकाएकी म्हणाला. "द्या त्याला गुहा. काय हवे ते द्या."

मोराचे हे बोलणे ऐकून सभा एका बाजूला झुकली. हत्तिणीने कौल घेतला. करार हवा असणाऱ्यांनी वडाच्या उजवीकडे जायचे होते. बहुतेक सगळे उजवीकडे गेले. हरिणी, ससे आणि मुंगूस डावीकडे राहिले. सांबर बराच वेळ मध्येच उभा होता. शेवटी हरिणीकडे न पाहता तोही उजवीकडे गेला.

सामना झाला आणि अल्याडचे जिंकले. अहो, जिंकले म्हणजे काय, लांडग्याने पल्याडच्यांना धूळ चारली! जंगलभर आनंदाचा कल्लोळ झाला. माकडांनी लांडग्यावर पळसाची फुले उधळली. कोल्हा तर जणू स्वतःच खेळल्यासारखा मिरवत होता. लांडगा आपल्या नव्या गुहेत राहायला गेला आणि माळ सोडल्यापासून पहिल्यांदाच गाढ झोपला.

उन्हाळा आला. नदी आटली. गवे, रानडुकरे, अस्वले डोहावर पोटभर पाणी पिऊ लागली. लांडगा गुहेच्या तोंडाशी पडून असे. आल्या-गेल्यांना तो हसून नमस्कार करी. त्याने कुणाच्या केसालाही धक्का लावला नाही.

पण हळूहळू त्याच्या लक्षात आले, की या वाटेने फक्त मोठे प्राणी येतात. ससे येत नाहीत. हरणे येत नाहीत. पिल्ले तर एकही येत नाही. त्याने कोल्ह्याला विचारले, "लहान प्राणी पाणी कुठे पितात?"

"पीत असतील कुठेतरी," कोल्हा म्हणाला. "तू मासे खा."

लांडग्याला चैन पडेना. एका सकाळी तो गुहेच्या माथ्यावरच्या खडकावर चढला आणि त्याने खाली पाहिले. दूरच्या वळणावर, गढूळ पाण्याच्या काठी, हरणे आणि ससे दाटीवाटीने उभे होते. पल्याडचे हरलेले प्राणीही तिथेच होते. डोह जिंकूनही अल्याडची लेकरे हरलेल्यांचेच पाणी पीत होती.

तेवढ्यात त्याला पाण्यात एक काळी रेघ सरकताना दिसली. तिच्या अगदी समोर हरिणीचे पाडस उभे होते.

लांडगा विचार न करता धावत सुटला. "मागे हो! मागे हो!" तो ओरडत होता. पण मुलांनो, पाडसाने काय पाहिले असेल? त्याने पाहिले, की ज्याच्या गोष्टी ऐकून ते थरथरत असे, तो लांडगा दात विचकून आपल्याच अंगावर येत आहे. काठावरचे सारे प्राणी सैरावैरा पळाले. पाडस मात्र घाबरून उलटे फिरले आणि पाण्यात शिरले. मगरीच्या दिशेने.

लांडगा जागच्या जागी थांबला. पुढे टाकलेले प्रत्येक पाऊल पाडसाला आणखी खोल पाण्यात ढकलणार होते. धावणे हीच त्याची सारी ताकद होती आणि आता तिचा काडीचाही उपयोग नव्हता. तो मागे वळला, वाळूत खाली बसला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "सांबरा! धाव! पाडस पाण्यात आहे!"

सांबर जवळच चरत होता. त्याने आवाज ऐकला आणि थेट पाण्यात उडी घेतली. शिंगांनी त्याने पाडसाला काठाकडे लोटले. मगरीचा जबडा त्याच्या मांडीला चाटून गेला आणि तिथली कातडी सोलून निघाली. पण दोघेही बाहेर आले. हरिणी लंगडत धावत आली, पाडसाला चाटू लागली, आणि लांडग्याकडे पाहून तिने आपले अंग पाडसाच्या आडवे घातले.

लांडगा पाठ करूनच बसला होता. "तुम्ही जा," तो म्हणाला. "तुम्ही दूर गेल्यावर मी उठतो."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः सभा बोलावली. कोल्हा त्याच्या कानाशी लागला होता. "वेडा आहेस का? करार झाला आहे. कुणी तुला हलवू शकत नाही!"

"म्हणून तर मलाच हलायला हवे," लांडगा म्हणाला. मग तो सभेकडे वळला. "मला वाटत होते, मी आता कुणाला काही करत नाही, तेवढे पुरे आहे. ते पुरे नाही. मी नुसता तिथे पडून असलो तरी लेकरे मगरीकडे जातात. मी गुहा सोडतो. डोंगराच्या पायथ्याशी एक कपार आहे, तिथे राहीन. माशांचा वाटा संघातल्या इतरांइतकाच द्या. आणि पाणी पिण्याची माझी वेळ हरिणीने ठरवावी."

सभेत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे खाली पाहत होते. सांबराच्या मांडीवरची जखम अजून ओली होती. तो हरिणीसमोर गेला आणि म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी उजवीकडे गेलो. मला डोह दिसत होता. तू दिसत नव्हतीस."

हत्तीण वडाखालून पुढे आली. मग ती म्हणाली, "चूक माझी आहे. मी हरिणीला विचारले, पण विचारून झाल्यावर तिचे म्हणणे बाकीच्यांबरोबर मोजले. घाव तिच्या पायावर होता. गुहा द्यायची की नाही हे मोजून ठरवायचे नव्हते."

लांडगा हरिणीच्या उत्तराची वाट पाहत होता. ती म्हणाली, "दुपारी ऊन कडक असते तेव्हा आम्ही सावलीत असतो. तेव्हा पाणी पी." आणि ती पुढे म्हणाली, "मी तुला माफ केले असे समजू नकोस. ते मला अजून जमलेले नाही."

"बरे," लांडगा म्हणाला. त्याने आणखी काही मागितले नाही.

हरिणी लगेच डोहावर गेली नाही. आधी ससे गेले, मग मुंगूस. काही दिवसांनी तीही आली. रिकाम्या गुहेपाशी उभी राहून तिने आत पुन्हा पुन्हा वास घेतला, आणि मगच पाडसाला पुढे जाऊ दिले.

पुढल्या वर्षी सामना आला तेव्हा लांडगा नव्या अटींवर अल्याडकडूनच खेळला. सारे जंगल वाळूत लोटले होते. हरिणी तेवढी गेली नाही. ती पाडसाबरोबर डोहावर पाणी पीत होती. मैदानाकडून प्रचंड आरोळी उठली. कुणीतरी चेंडू सागांच्या पार केला होता. हरिणीने एकदा कान टवकारले आणि ती पुन्हा पाणी पिऊ लागली.

तात्पर्य : शिक्षा भोगून आलेल्याला पुन्हा संधी जरूर द्यावी, पण त्याच्या गुणांचे मोल ठरवताना, ज्याने त्याचा घाव सोसला आहे त्याच्या जिवाची शांती त्या मोलात देऊन टाकू नये.