सरपंचबाईची खुर्ची

बोरटेक गावात निवडणुकीवरच्या विनोदी सिनेमाचं शूटिंग चालू होतं. सरपंचबाईचं काम दिग्दर्शक इरफान मुलाणींनी वडारवाडीतल्या यल्लव्वा धोत्रेला दिलं. बाई खडी फोडणारी, पण तिचा संवाद ऐकून कॅमेरामनलाही हसू आवरायचं नाही.

गावचे पुढारी तात्यासाहेब रणनवरे यांना मात्र ते खुपलं. शूटिंगची जागा त्यांची, आणि सिनेमातल्या आमदाराचं कामही त्यांनी मागून घेतलेलं. यल्लव्वा सरपंचाच्या खुर्चीत बसताच ते गरजले, "थांबवा! आमच्या गावात वडाराची बाई कधी सरपंच झालीय का? खरं असेल तेच दाखवा, नाहीतर सामान उचला!"

मुलाणींचा चेहरा उतरला. यल्लव्वा जागची उठली नाही. हात जोडून म्हणाली, "तात्यासाहेब, सिनेमात तुम्ही दिलेला शब्द पाळणारे आमदार झालाय. लोकांना ते पटणार असेल, तर मी सरपंच झालेली का पटणार नाही?"

जमलेला गाव खो खो हसत सुटला. हसणाऱ्या मतदारांवर चिडून कसं चालेल? तात्यासाहेबही कसनुसं हसले आणि म्हणाले, "घ्या, घ्या शूटिंग!"

पुढे शाळेच्या मैदानात सिनेमा दाखवला, तेव्हा वडारवाडीच्या बाया सगळ्यांच्या पुढे बसल्या होत्या. सिनेमा संपला तशी यल्लव्वा मुलाणींच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला अडवलं.

"आक्का, उपकार तर तुमचे. त्या दिवशी माझी वाचाच बसली होती."

यल्लव्वाचे डोळे भरून आले. "साहेब, तेच मी खाली बसून बोलले असते, तर कुणी ऐकलं असतं?"